खळ फासलेला कॅरम बोर्ड

मित्रांनो, मी एक जुना कॅरम बोर्ड आहे आणि मला माणसांच्या बोटांची किळस येते. हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढे तुम्ही म्हणाल, याचा स्वभावच खरखरीत. मुळीच नाही. माझा स्वभाव जन्मतः गुळगुळीत होता. बोटांनी तो घालवला.

बुऱ्हाणपुरातल्या एका सुताराने मला घडवलं. प्लायवूडचं अंग, बाभळीची चौकट, चार कोपऱ्यांत चार जाळ्या. पॉलिश झाल्यावर सुताराला माझ्यात स्वतःचा चेहरा दिसला. त्याने खूश होऊन मान हलवली आणि चिकटलेला भुसा टिपायला बोट थुंकीने ओलं करून माझ्यावरून फिरवलं. आयुष्यातलं माझं पहिलं कौतुक ते. ओलं होतं.

मला विकत घेतलं दत्तात्रय मास्तरांनी. ते शाळेत गणित शिकवायचे आणि कॅरमही गणितासारखंच खेळायचे, म्हणजे समोरच्यावर दया न करता. त्यांचा रोजचा जोडीदार सुकलाल, समोरच्याच घरात राहणारा. मागावर चढण्याआधी सुताला जिथे खळ पाजतात त्या साइझिंगच्या कारखान्यात तो कामाला होता. संध्याकाळ झाली की मास्तरांच्या ओट्यावर मला मांडायचे. नियम एकच होता. हरेल त्याने जिंकणाऱ्याला मावा जलेबी खाऊ घालायची, आणि जिंकणाऱ्याने ती तिथेच बसून संपवायची.

आता आमची मावा जलेबी कशी असते? काळी, जाड, पाकाने ठिबकणारी. ती खाल्ल्यावर माणूस बोटं चाटतो, चाटली म्हणजे धुतली असं धरतो आणि पुढचा डाव मांडतो. गल्लीतल्या मुंग्या मला नावानिशी ओळखत. येणारेजाणारे थांबून 'काय बोर्ड आहे' म्हणत आणि तंबाखू मळलेल्या बोटाने माझ्यावर टिचकी मारत. अशा प्रशंसेपेक्षा मला शिव्या चालल्या असत्या. निदान त्या कोरड्या असतात.

सुकलाल बहुतेक वेळा हरायचा. पण जिंकला की जलेबीचा तुकडासुद्धा सोडत नसे. "फुकटचं मी खात नाई," तो म्हणायचा, "आन जितलेलं टाकत नाई."

मग दुसऱ्या लाटेत कोरोना कर्फ्यू लागला. करायला काही उरलं नाही की माणूस छंद काढतो, आणि छंद काढला की वास सुटतो. केळ्यांच्या गाड्या बाहेर जाईनात, म्हणून गल्लीत सगळ्यांकडे केळीच केळी झाली. शेजारच्या शीतलने कुकरमध्ये केळ्यांचा केक केला. केक फुगला नाही, कुकरची रिंग फुगली. निलेश गच्चीवर बासरी शिकू लागला. रहदारी थांबल्यामुळे सुखाने झोपलेली कुत्री उठून पलीकडच्या गल्लीत राहायला गेली.

मास्तरांनी आणि सुकलालने कॅरम सोडलं नाही. मास्तरांनी मला बैठकीत घेतलं, वरून एक दोरी बांधली आणि पायजम्याच्या नाडीने तिला मोबाईल उलटा टांगला. समोरच्या घरातून सुकलाल व्हिडिओवर बघायचा, नेम सांगायचा आणि त्याचा स्ट्रायकरही मास्तरच मारायचे. "डावीकडे घ्या. माझ्या डावीकडे, तुमच्या नाई," असं ओरडणं दुपारभर चाले. नाडीची टोकं माझ्या छातीवर लोळत. मास्तर दर डावाआधी माझ्यावर सॅनिटायझर फवारत, नंतर स्वतःवर, नंतर चुकून मोबाईलवर. माझ्या पॉलिशचे पापुद्रे निघायला लागले ते तेव्हापासून.

आणि मग सुकलाललाच ताप भरला. रिपोर्ट आला, दारावर कागद चिकटला. बायको मालूबाई बहिणीच्या बाळंतपणाला धूलकोटला गेलेली, ती तिकडेच अडकली. सुकलाल घरात एकटा. मास्तरांच्या निर्मलाबाई त्याच्या ओट्यावर डबा ठेवून यायच्या आणि डबा जसाच्या तसा परत यायचा. तोंडाला चव नाही, म्हणायचा. डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं की पोटात अन्न गेलं नाही तर दवाखान्यात न्यावं लागेल, आणि दवाखान्यात तेव्हा खाट मिळत नव्हती.

मास्तर दिवसभर त्या दाराकडे बघत बसले. शेवटी निर्मलाबाईच म्हणाल्या, "पाठवलेलं तो खाणार नाही. तुम्ही हरा त्याच्याशी."

मास्तरांचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांना दोन आणि दोन पाच लिहायला सांगितलं. पण त्या दिवशी ते हरले. जलेबीचं दुकान बंद, म्हणून पैज खिचडीवर आली. सुकलालने ती खाल्ली. जिंकलेली होती ना.

मात्र नुसतं स्वतः हरून भागेना. सुकलाल तापात जे नेम सांगे, त्याने सोंगटी जाळीत काय, शेजारच्या घरातही गेली नसती. मग मास्तर मोबाईलवर तळवा ठेवत, "नेटवर्क गेलं रे" म्हणत आणि दुसऱ्या हाताने सोंगटी जाळीत ढकलत. बोटाने. मित्रांनो, बोटाने! पाक सोसला, तंबाखू सोसली, पण माझ्यावर कधी लबाडी झाली नव्हती. मला स्वतःचीच शिसारी आली.

अशात बोरिक पावडर संपली. सुकलालने घरात पडलेली साइझिंगची पावडर पुडीत बांधून आधीच्या रिकाम्या डब्यातून पाठवली. पांढरी, मऊ, हुबेहूब तशीच. आदल्या दिवशी त्याला खोकल्याची उबळ आल्यामुळे डाव अर्धा राहिला होता. त्याची एक पांढरी सोंगटी आणि राणी, दोन्ही माझ्यावर होत्या. डाव पुरा नाही म्हणून त्याने डबाही घेतला नव्हता. मास्तरांनी ती पावडर माझ्यावर सढळ हाताने भुरभुरवली. मग त्यांना आठवलं की पुडी कुठून आली. त्यांनी सॅनिटायझरची अख्खी बाटली माझ्यावर फवारली आणि आंघोळीला गेले.

त्या पावडरीत सुताला धरून ठेवणारा डिंक असतो. ओली झाल्यावर तिची खळ झाली. चैत्रातलं ऊन खिडकीतून येत होतं, त्याने ती वाळवली. आयुष्यात प्रथमच मला सुतासारखं वाटलं, आणि सुताबद्दल वाईट वाटलं.

आंघोळ करून मास्तर बसले, फोन लावला. सुकलालचा आवाज खोल विहिरीतून यावा तसा येत होता. मास्तरांनी स्ट्रायकर मारला. तो चार बोटं सरकला आणि रुतून बसला. त्यांनी मोबाईल झाकला, नेटवर्क गेल्याचं जाहीर केलं आणि राणीला बोट लावलं. राणी हलेना. नख लावलं. हलेना. मग त्यांनी दोन्ही हातांनी धरून ती उपटायला सुरुवात केली, आणि दोन्ही हात लावायचे तर मोबाईलवरचा हात काढावा लागतो, हे गणिताच्या मास्तरांच्या ध्यानात आलं नाही.

वरच्या मोबाईलमधून सुकलालला सगळं दिसलं. तो म्हणाला, "मास्तर, हे काय करून राहिले तुमी?"

मास्तर राणी धरूनच बसले.

"म्हंजे इतके दिवस तुमी मले जितवून राहिले होते?"

"तू खात नव्हता," मास्तर म्हणाले. इतक्या हळू की मलाच नीट ऐकू आलं.

फोन बंद झाला. निर्मलाबाई डबा भरून उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. पाठवावा तर तो जिंकलेला नाही, न पाठवावा तर तो कालपासून उपाशी. मास्तरांनी माझ्यावर डोकं टेकलं. कपाळ घामेजलेलं होतं आणि खळ ओली झाली. ते मी सांगत बसत नाही.

तेवढ्यात समोरची खिडकी धाडकन उघडली. सुकलाल गजांना धरून उभा होता, दाढी वाढलेली, डोळे लाल. किती तरी दिवसांनी तो पायांवर दिसत होता.

"लबाड मास्तर," तो ओरडला आणि धापा टाकत थांबला. "तुमाले लई बोलाचं हाये. पन अंगात ताकदच नाई. वहिनी, डबा पाठवा. आधी खातो, मग बोलतो."

त्याने खाल्लं आणि बोलला. दुसऱ्या दिवशीही खाल्लं आणि बोलला. शिव्यांचा साठा मोठा होता, त्यामुळे बरेच डबे लागले. गरम पाण्याने माझी खळ खरवडली आणि कॅरमही चालू राहिलं, पण त्याच्या वतीने आता निर्मलाबाई मारत. त्या स्ट्रायकरच जाळीत घालायच्या. बोटांना लसणाचा वास यायचा. पण हात सरळ होता.

दारावरचा कागद निघाला तेव्हा सुकलाल पायऱ्या चढून आला आणि समोर बसला. त्या गरम पाण्याने मी पापडासारखा फुगलो होतो. सोंगट्या माझ्यावर चढ चढत आणि उतार उतरत. मास्तरांनी हाताची घडी घालून एकवार सुकलालकडे पाहिलं. मग त्याला सपशेल हरवलं. एक सोंगटी सोडली नाही. सुकलाल इतका खूश मला कधी दिसला नव्हता.

आता ते नव्या बोर्डावर खेळतात. मी पाण्याच्या टाकीवर झाकण आहे. खालून ओल, वरून कबुतरं. त्यांच्याविषयी मी बोलत नाही, कारण त्यांना निदान बोटं नाहीत.

मित्रांनो, बोर्डावर पाणी टाकू नका, खळ तर नकोच. हात धुऊन बसा, चाटून नव्हे. सोंगटी ढकलायला मास्तरांनी माझ्यावर फिरवलेल्या त्या बोटाची मला अजून किळस येते. पण समोरच्या घरात कोणी उपाशी असेल, तर पुन्हा फिरवावं. तक्रार मी करीनच.