आईचा वूय

माझी सासू ग्रेता दिवसातून पन्नास वेळा ‘वूय’ म्हणते. दूध उतू गेलं, वूय. शेजारणीला तिसरीही मुलगीच झाली, वूय. आर्ताशात शहरातल्या या भाड्याच्या घरात नळाला पाणी आलं, तरी वूय. कराबाख शत्रूच्या हाती गेल्यावर तिथलं आमचं गाव सोडताना आम्ही नेसत्या वस्त्रानिशी निघालो. तिथलं म्हणावं असं हेच काय ते बरोबर आलं.

या वूयबद्दल कुणाकडून तरी ऐकून राजधानी येरेवानहून शब्दकोशवाली एक पोरगी आली. नाव लुसिक. आमच्या बोलीचे शब्द गोळा करत हिंडत होती. टेबलावर रेकॉर्डर ठेवून तिनं विचारलं, “मावशी, वूयचा नेमका अर्थ काय? आणि तो आला कुठून?”

“अर्थ पुस्तकातल्या शब्दांना असतात गं,” तव्यावरची भाजी भरलेली रोटी उलटत सासू म्हणाली. “हा पोटातून येतो. आईच्या पोटातून माझ्या पोटात आला. लिही तसं, पगार तर मिळेल तुला.”

“कुणी गेल्यावरही हाच म्हणता?”

सासूनं रोटी तव्यावरून उतरवली. “तो वेगळा. लांब. गेलेल्याची आई म्हणते तो. तिच्याआधी बाकीच्या बायकांनी तोंड उघडायचं नाही.”

“म्हणून दाखवाल?”

“उगाच नाही म्हणत तो.”

मी भांडी घासत होते. अंगाचा तिळपापड झाला. उगाच? तिचा मुलगा, माझा नवरा वाहराम, चार वर्षांपूर्वी लढाईत बेपत्ता झाला. गेल्या महिन्यात हाडं मिळाली, डीएनए जुळल्याचा कागद आला. परवावर दफन येऊन ठेपलं होतं. पण ‘कुणाची हाडं कुणास ठाऊक’ म्हणत ही बाई गप्प, आणि तिच्यापायी मीही. बायको मी, अन् रडायला सासूची परवानगी! हुंदके गिळून गिळून माझा गळा सुजायची वेळ आली होती. खरं सांगते, मनातल्या मनात मी तिला शिव्याशाप देत होते.

लुसिकनं वहीत ‘उगम अज्ञात’ असं लिहिलं, रोटी खाल्ली आणि गेली.

दफनाला पेटी इतकी हलकी, की चार माणसांची गरजच नव्हती. काळ्या कपड्यातल्या आमच्या गावच्या बायका सासूच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या. पाद्र्याची प्रार्थना संपली. पहिली माती पडली आणि सासूनं तोंड उघडलं. नुसता श्वास बाहेर आला. तिनं पुन्हा उघडलं, मग माझं कोपर घट्ट धरलं.

“सूनबाई, येत नाही गं. त्याच्यासाठी राखून ठेवला होता, आता येतच नाही. माझ्या वतीनं तू म्हण.”

चार वर्षं मी हेच तर मागत होते. मी तोंड उघडलं. घसा कोरडा ठक्क पडला होता. पोटात शोधलं, तिथंही काही नव्हतं. बायका थांबून राहिल्या, फावडी चालत राहिली. मी सासूकडे बघितलं, तिनं माझ्याकडे, आणि माझा वाहराम कुणी न रडताच मातीआड गेला.