तळ्याची पहिली पायरी

म्हातारीने साहेबांच्या टेबलावरची प्लास्टिकची फुलं बाजूला सारली आणि नवा नकाशा स्वतःकडे ओढला. मुलाने मागून कोपराला हात लावला. तिने कोपर झटकलं.

हॉलच्या भिंतीवरच्या पडद्यावर शाश्वत विकासाचं चित्र होतं. निळं पाणी, दोन बदकं. काढणाऱ्याने जन्मात बदक पाहिलं नसावं. तासभर बोलून साहेबांचं म्हणणं एवढंच निघालं: कायदा तळ्याच्याच बाजूचा आहे, तळ्यावर कुणाला बांधता येत नाही. पण तळं कुठवर होतं, हे कागदावर नाही. जुना नकाशा गहाळ आहे. एक पक्की खूण मिळाली तर हद्द ठरेल, नाहीतर ती मोकळी जागा समजून इमारतींना जाईल. हरकतीचा आज शेवटचा दिवस.

उरलंसुरलं तळं बुजलं की खालच्या सगळ्या विहिरी आटणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. कळत नव्हतं ते हॉलमधल्या चाळीस शहाण्यांना. निम्म्यांनी तळ्यात भराव टाकून गोठे नि खोल्या उठवल्या होत्या, गॅरेजवाल्याने तर अख्खं गॅरेज. आता सगळे विहिरींची काळजी करायला आले होते आणि तोंडात गुळणी धरून छताकडे बघत होते.

"खूण आहे," ती म्हणाली. "घाटाची वरची पायरी. तिच्यावर मी दहा वर्षं कपडे धुतलेत."

"आई, घरी चल."

"तू गप्प बस. तुझी दुपटी तिथेच धुतलीत."

कुणीतरी हसलं. साहेबांनी फोनवरची नजर न काढता बजावलं की पायरी ज्याच्या बांधकामाखाली निघेल, त्याचं बांधकाम पडेल, मग रडत यायचं नाही. शेजाऱ्याचा काटा काढायला आलेल्या अशा बायका त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. तिनेही असले साहेब पुष्कळ पाहिले होते. हरकतीच्या कागदावर उठवायला तिने अंगठा पुढे केला, मग काय वाटलं कोण जाणे, पेन मागून घेतलं आणि तीन अक्षरांची सही पाच मिनिटं लावून केली. साहेबांना थांबावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणीदार टेप आणि पहार घेऊन आला. म्हातारी पुढे, तो मागे. गॅरेजवाला शटर अर्धं ओढून उभा होता. ती त्याच्याकडे ढुंकूनही न बघता पुढे गेली, गोठाही मागे टाकला आणि मोजणीदाराला आपल्याच स्वयंपाकघरात आणून उभं केलं.

तीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या डोक्याशी कटकट करून ही खोली तिनेच वाढवून घेतली होती. तो नको म्हणत होता. त्याला तिने भित्रा म्हटलं होतं, चारचौघांत.

मुलगा दारात पाठ फिरवून उभा होता. सुनेने कुणी न सांगता भांडी बाहेर नेली होती. चहाचं पातेलं आणि चार कप तेवढे मागे ठेवले होते.

मोजणीदाराने फरशीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"इथे?"

"शेगडीखाली," ती म्हणाली. "आधी चहा होऊ दे."