कावड वळचणीला लागली

मी कावड बोलतेय. देवळात पाणी घेऊन वाजतगाजत जाते ती नव्हे हं. ती आमच्यातली मानाची. मी वाणगावच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका पाड्यावरची, देवूच्या घरची, काकड्या-कारली वाहणारी साधी कावड. एक बांबू, त्याच्या दोन टोकांना दोन शिंकी, शिंक्यांत दोन टोपल्या, एवढाच माझा संसार. पण एवढ्यावर मी देवूचा अख्खा संसार वाहिलाय, हे आधीच सांगून ठेवते.

देवूनं मला स्वतःच्या हातानं घडवलं. ओढ्याकाठच्या बेटातून माझा बांबू निवडायला त्याला तीन दिवस लागले. बायको निवडायला अर्धा दिवसही लागला नव्हता, असं कमळी अजून ऐकवते. त्यानं मला विस्तवावर शेकलं, तासलं, खांद्याला टोचू नये म्हणून मधोमध घासून गुळगुळीत केलं. तेव्हापासून त्याचा खांदा आणि मी, दोघंही एकमेकांना पक्के ओळखतो.

पाड्यावर मैल कुणी मोजत नसे. अंतर मोजायचं खांद्यांवर. ओझं सोसेनासं झालं की कावड मानेमागून दुसऱ्या खांद्यावर घ्यायची, तो झाला एक खांदा. वाणगाव स्टेशन सुक्या दिवसांत चौदा खांदे होतं आणि पावसात पंचवीस. पावसात वाट कुठली, नुसता चिखल! देवू कितीही लवकर निघाला तरी सकाळची गाडी चुकायचीच. मग स्टेशनावरचा व्यापारी काकडी दोन बोटांत धरून अशी बघायचा, जणू देवूनं ती कुठं पडलेली सापडली म्हणून आणलीय. "बावली, पार सुकली," म्हणायचा, आणि पडत्या भावात घ्यायचा.

त्यामुळं मळ्यात पिकायचं आणि घरात टिकायचं नाही. दिवाळी सरली की वीटभट्टीचा मुकादम पाड्यावर यायचा आणि बिऱ्हाड उचलून निघावं लागायचं. बिऱ्हाड म्हणजे माझ्या एका टोपलीत भांडी आणि दुसऱ्या टोपलीत पारू, देवूची लेक. तान्ही होती तेव्हा भांडी जड पडत, म्हणून कमळी तिच्या बाजूला एक दगड ठेवी. पुढं पोर भांड्यांना भारी झाली. मी तिला तीनदा भट्टीवर नेलं आणि तीनदा परत आणलं. तिसऱ्या खेपेला ती होळीलाच खोकला घेऊन आली. महिना झाला, दोन झाले, खोकला हटेना. तेव्हापासून कमळीचा एकच घोशा होता, की या पोरीला आता भट्टीवर न्यायचं नाही. देवू ऐकून घेई. न्यायचं नाही तर खायचं काय, हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात, म्हणजे पासष्ट साली, आमच्या पाड्यापासून वाणगावच्या सडकेपर्यंत रस्ता निघाला. तिकडं तारापूरला वीजकेंद्राचं काम चाललं होतं, बोईसरात कुठकुठली माणसं येऊन भरली होती, आणि त्या सगळ्यांना रोज भाजी लागायची. रस्ता झाला तर मालमोटार पाड्याच्या तोंडाशी येईल, असं कामावरच्या ओव्हरसियरनं सांगितलं. कमळीचा चेहरा उजळला. मला चेहरा नाही म्हणून बरं. मोटार आली तर मला कोण कुत्रं विचारणार? हा रस्ता होऊच नये, असं मी मनातल्या मनात म्हटलं. खोटं कशाला बोलू?

ओव्हरसियर एकनाथराव साताऱ्याकडचे. माणूस सरळ, कामाला वाघ, पण जीव सगळा नकाशात. नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली रेघ त्यांनी तशीच्या तशी जमिनीवर चुन्यानं ओढली. कमळी खडी फोडायला लागली. देवूला पाण्याचं काम मिळालं, विहिरीवर दोन हंडे भरायचे आणि माझ्यावर लावून मजुरांपर्यंत आणायचे. चुन्याची रेघ धरली तर ते अंतर एकच खांदा होतं. पण देवू टेकडीच्या कडेनं वळसा घालून दोन खांदे चालायचा, आणि रोज तसाच चालायचा.

एकनाथरावांनी चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी त्यांचा पारा चढला. समोर सरळ वाट असताना फिरून येतो म्हणजे हा कामचुकार आहे, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले.

देवू खाली बघत म्हणाला, "सायेब, तिथं जमीन बरी नाय."

बरी नाही म्हणजे काय, ते त्याला सांगता येईना. पाड्यावर कधी कुणाला सांगावं लागलंच नव्हतं. खांद्यावर कावड आली की माणसाचे पाय तिथून आपोआप वळायचे. साहेबांना दिसत होतं ते सपाट, कोरडं, भेगाळलेलं रान. त्यांनी सरळ देवूच्या खांद्यावरून मला ओढलं आणि म्हणाले, "आण ती इकडं. मी दाखवतो."

अहो, कावड म्हणजे काय पिशवी आहे, उचलली आणि चालू लागलं? कावडीबरोबर लवत चालावं लागतं. साहेबांनी मला दोन्ही हातांनी अशी घट्ट धरली होती, जणू मी पळून जाणार होते. आणि देवूला कामचुकार म्हटल्याचा रागही होता मला. मी जरा जास्तच डोलले, कबूल करते. रानाच्या मध्यावर पुढचा हंडा डावीकडं गेला, मागचा उजवीकडं, आणि साहेबांचा पाय भेगेतून घोट्याच्याही वर आत गेला. हंडे आडवे झाले. साहेब खाली बसले.

हसलं कुणी नाही. सगळे मजूर एकाएकी डोंगराकडं बघायला लागले, जणू तो आजच उगवला होता. कमळीनं तेवढं अदबीनं विचारलं, की सायेब, दुसरं पाणी आणू काय.

साहेबांचं लक्षच नव्हतं. ते आपल्या बुटाकडं बघत होते. सांडलेलं पाणी दुसरीकडंच वाहून गेलं होतं, तरी बुटाला वरपर्यंत ओला, काळा चिखल होता. ऐन वैशाखात विहिरीनं तळ गाठलेला आणि इथं खाली चिखल! त्यांनी त्या भोकात कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर गाळ वर काढला.

"इथं पावसात काय होतं रे?"

"पाणी ऱ्हातं. म्हशी पण वळून जातात."

"मग आधी सांगायचं नाही?"

"सांगितलं की सायेब. जमीन बरी नाय."

दुसऱ्या दिवसापासून जुनी रेघ पुसली गेली. देवू मला भरल्या हंड्यांसकट घेऊन पुढं चालला आणि एकनाथराव मागून चुना टाकत आले. तो वळला तिथं रेघ वळली. रस्ता लांबला म्हणून साहेबांना पालघरला वरिष्ठांपुढं उभं राहावं लागलं म्हणे. आठ दिवसांनी परत आले ते गुमान कामाला लागले, आणि पाऊस लागायच्या आत रस्ता झाला.

आणि मी? त्या दिवशी गप्प राहिले असते, तर साहेब सुखरूप पलीकडं गेले असते, रस्ता त्या गाळावर बांधला जाऊन श्रावणात बुडाला असता आणि माझं राज्य शाबूत राहिलं असतं. मी आपणहून आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

रस्ता टिकला. खडी टोचते म्हणून बाया कडेच्या गवतातनंच चालायच्या, पण मोटार रोज सकाळी यायची. देवूची काकडी ताजी, करकरीत बोईसरला पोचायला लागली. बावली म्हणणारा तोच व्यापारी आता मोटारीतून उतरून "देवूभाऊ" म्हणायचा! मला देवूनं वळचणीला बांधून टाकलं. कमळी माझ्यावर लुगडी वाळत घालायची. मी चार महिने फुगून बसले होते.

दिवाळी सरली. मुकादम आला. ओढ्यापलीकडच्या पाड्यांवर रस्ता गेलेला नव्हता, तिथली माणसं निघायला लागली होती. मुकादमानं हाक मारली तसा देवूचा हात सवयीनं वर आला आणि त्यानं माझी एक गाठ सोडली. काय सांगू, मला आनंद झाला! वाटलं, आली आपली आठवण.

कमळी दारात आली. "बांध तिला परत," ती देवूला म्हणाली. मग मुकादमाकडं वळली. "या रस्त्यानं आता आमची काकडी जाते. आमी नाय जात."

देवूनं गाठ परत बांधली, वर आणखी एक मारली. अंगणात पारू कोंबडीमागं पळत होती. धापा टाकत होती, पण खोकत नव्हती. मला माझ्या चार महिन्यांच्या फुगण्याची लाज वाटली.

तेवढ्यात ओढ्यापलीकडची माणसं समोरून गेली. पाच-सहा कावडी होत्या, एका टोपलीत भांडी, दुसरीत पोर. एक पोर टोपलीच्या काठाला धरून मागं वळून बघत होतं.

बाबांनो, तुमच्यात कुणी ओव्हरसियर असेल तर त्यानं ओढ्यापलीकडंही जावं, आणि पट्टी ठेवण्याआधी तिथल्या माणसांच्या मागून एकदा चालावं. माझ्या त्या बहिणींनाही वळचण मिळू दे. माझ्यावर खुशाल लुगडी वाळत घाला, भोपळ्याचा वेल चढवा. फक्त मला खाली काढू नका.