मेयरच्या वाट्याच्या सहा फळ्या

डोंगरातल्या मॉर्न-काब्री गावाला सरकारने काहीच दिलं नाही असं म्हणणं कृतघ्नपणाचं होईल. धुणं धुवायला एक उत्तम दगड दिला. बावीस वर्षांपूर्वी मेयर ओरिओल एक्झांतुस बँडबाजा घेऊन नदीवर आले, पुलाची पायाभरणी केली, स्वतःचं नाव कोरलेली संगमरवरी फरशी बसवली, बकऱ्याचं जेवण झालं, आणि गेले ते गेलेच. दोन पावसाळे फरशी पुलाची वाट बघत बसली. मग बायकांनी तिच्यावर चादरी आपटायला सुरुवात केली.

त्या पायाभरणीनंतर सात महिन्यांनी एलीमेनची आई क्लेर्सिना त्याच काठावर मेली. पोटात काहीतरी फुटलं होतं. दवाखाना पलीकडे, शहरात. आजाऱ्याला न्यायचं तर घराचं दार बिजागऱ्यांतून उचकटायचं, त्यावर त्याला निजवायचं आणि चौघांनी खांदा द्यायचा, ही तिथली रीत. नदीला लोंढा आला होता. चौघे दार खांद्यावर घेऊन पाणी उतरायची वाट बघत उभे राहिले. दुपारी त्यांच्या लक्षात आलं की आता घाई करण्यासारखं काही उरलं नाही.

एलीमेन तेव्हा बोस्टनला होती. एका वृद्धाश्रमात दुसऱ्यांच्या आयांना आंघोळ घालत होती. कागदपत्रं नव्हती, निघाली असती तर परत जाता आलं नसतं, म्हणून स्वतःच्या आईला माती द्यायला ती आली नाही. तीन आठवड्यांनी अंत्ययात्रेची व्हिडिओ कॅसेट आली. तिच्यात सगळं होतं. पांढरी फुलं होती, रडणाऱ्या बायका होत्या, आणि हातात फुलांचं चक्र घेतलेले मेयरही होते. कोणीतरी पुलाचा विषय काढला, तेव्हा रुमालाने मान पुसत ते म्हणाले होते, "सगळंच सरकारने करायचं, तर तुमचे हात कशाला?"

ती कॅसेट एलीमेनने घासून घासून पांढरी होईपर्यंत पाहिली. टेप संपली, वाक्य संपलं नाही.

गेल्या वर्षी ती परत आली ती कागदपत्रं, बोस्टनमधल्या गाववाल्यांच्या मंडळाने दिलेलं सिमेंट आणि तो डूख घेऊन. लोक तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे "बाहेरची" म्हणत. पाण्याला नाक मुरडते, कोंबडीला विचारून अंडं घेते, असं बरंच काही. पण तिने कोंबित बोलावली तेव्हा सगळे आले. कोंबित म्हणजे अख्ख्या गावाची इर्जिक. सकाळी शंख फुंकला की घरटी एक माणूस हजर. मजुरी नाही, हंड्यातलं जेवण, आणि उद्या तुझ्या कामाला मी.

अनेलुसकाका पंच्याहत्तरीचे. कोंबितीत ते फावडं धरत नसत, ते गात. ते एक ओळ टाकत, बाकीचे घाव घालत ती उचलत. आणि गाणी म्हणजे देवाधर्माची नव्हेत. कोण कामचुकार, कोण चिकट, कोणाचं पोट सुटलंय, सगळं नावानिशी. एकदा गाण्यात गेलेला माणूस तीन पिढ्या बाहेर येत नाही. मेसिदोर नावाच्या एकाने कोंबितीच्या दिवशी कोंबडी पलंगाखाली लपवली होती. तो मरून तीस वर्षं झाली. त्याच्या नातवाला गाव अजून कोंबडीच म्हणतं.

चार कोरड्या महिन्यांत पूल उभा राहिला. दगडी खांब झाले, लोखंडी तुळया पडल्या, वर फळ्या ठोकत ठोकत लोक शहराच्या काठापर्यंत पोचले. शेवटच्या सहा फळ्यांची जागा राहिली आणि एलीमेनने काम थांबवलं. मेयर आता खासदारकीला उभे होते आणि रविवारी पुलाचं उद्घाटन करायला येतो असा त्यांचा निरोप आला होता.

अनेलुसकाका तिला बाजूला घेऊन बसले. पंधरा दिवसांत पाऊस येईल, एवढ्या तेवढ्यासाठी कशाला अडवतेस, म्हणाले. सरकारच्या भरवशावर राहिलो असतो तर अख्खं गाव दारांवरून गेलं असतं.

"तेच तर," एलीमेन म्हणाली. "आपण सगळं करून टाकलं की ते सुटले. आपण खपायचं आणि रिबीन त्यांनी कापायची?"

"मग पूल नको का तुला?"

"हवा. त्यांच्या हातचाही थोडा हवा."

"पोरी, मारणारा विसरतो. ज्याच्या अंगावर वळ असतो तोच लक्षात ठेवतो. त्याला तुझी आई आठवणारसुद्धा नाही."

"मग आठवण करून देऊ."

काकांनी पाइप दगडावर झटकून रिकामा केला. मग अट घातली. रविवारी सूर्य डोंगराला टेकेपर्यंत वाट बघायची. तोवर मेयरने हात लावला नाही, तर गाव फळ्या ठोकेल, आणि क्लेर्सिनाचं नाव एलीमेनने पुन्हा या पुलाशी जोडायचं नाही. तिने मान हलवली. बावीस वर्षांच्या रागाला एक रविवार मिळाला होता.

रविवारी तिने चुली शहराच्या काठावर मांडल्या. मका, घेवडा आणि डुकराचं मांस घातलेला तियाका सकाळपासून रटरटत होता. वास लांबवर गेला. मेयर दुपारी आले, पांढऱ्या सूटमध्ये, मागे मोबाइल धरून चित्रण करणारी दोन तरुण पोरं. ते जाड झाले होते, पण मान पुसण्याची लकब तीच होती. ती बघून एलीमेनला त्या माणसाला पाण्यात बुडवावंसं वाटलं. तिने हसून ताट वाढलं.

"घ्या मेयरसाहेब. गावचा हंडा आहे, नाही म्हणू नका."

डुकराचा सगळ्यात चरबीचा तुकडा तिने मुद्दाम वर ठेवला होता. उमेदवार गरिबांच्या हंड्यातलं जेवतोय, याहून चांगलं चित्र कुठलं? मेयर चित्रण करणाऱ्या पोरांना म्हणाले, घ्या रे, जवळून घ्या. आणि त्यांनी मोठा घास घेतला, चावला, गिळला, बोटंही चाटली.

कोंबितीच्या हंड्यातला घास गिळला की कामाचा वाटा अंगावर आला, हे तिथलं अंगावर पिणारं पोरही जाणतं. मेयरने आयुष्यभर पहिले दगड बसवले, दुसरा दगड बसवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्यांना कुठून ठाऊक असणार?

अनेलुसकाकांनी शंख फुंकला. लोक पुलावर दोन रांगांत उभे राहिले. एलीमेनने रिबिनीची कात्री हातात घेतलेल्या मेयरपुढे हातोडी धरली.

"तुमच्या वाट्याच्या सहा फळ्या," ती म्हणाली.

मेयर हसले, ड्रायव्हरला पुढे हो म्हणाले. काका म्हणाले की ड्रायव्हर जेवलेला नाही. लोक हसले. मेयरने इकडे तिकडे पाहिलं. चित्रण चालू होतं. गर्दीत त्यांचे शहरातले मतदारही होते, आणि त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना हंड्याचा नियम पाठ होता. खाऊन उठून जाणारा माणूस म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. मेयरने कोट काढला आणि ते गुडघ्यांवर बसले.

पहिला खिळा वाकला. दुसराही वाकला. तिसऱ्याला अंगठा सापडला. काकांनी ढोलावर थाप मारली आणि पहिली ओळ टाकली, पांढऱ्या पँटीवरची. दुसरी पोटावरची. लोकांनी त्या उचलल्या. मेयर घामाने निथळत होते, पण अजून हसत होते. लोकांमधला नेता म्हणून हे चित्रणसुद्धा चालेल असा हिशेब त्यांच्या डोक्यात चालला असावा. सूर्य डोंगराकडे सरकत होता. पाच फळ्या बसल्या.

सहावी फळी एलीमेनने स्वतः आणून ठेवली. ती जुनी होती, निळा रंग उडालेला, एका कडेला बिजागऱ्यांच्या खाचा.

"ही कुठली?" मेयरने विचारलं. "ही तर दाराची दिसते."

"माझ्या आईची. हिच्यावर झोपून तिने तुमच्या पुलाची वाट बघितली. क्लेर्सिना दोर्व्हिल. तुम्ही फुलं घेऊन आला होतात."

मेयरने तिच्याकडे नीट पाहिलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं, ते नाटक नव्हतं, आणि एलीमेनला तेच सगळ्यात जास्त झोंबलं.

"मादाम, राजधानीतून मंजुरीच आली नाही," ते हळू आवाजात म्हणाले, मोबाइलला ऐकू जाऊ नये म्हणून. "मी एकटा काय करणार होतो?"

"सगळंच सरकारने करायचं, तर तुमचे हात कशाला?" एलीमेन म्हणाली. तिने ते हळू म्हटलं नाही. पहिल्या रांगेपासून शेवटच्या माणसापर्यंत जाईल असं म्हटलं, कॅसेटवर होतं तस्सं, थांबायची जागाही तीच.

मेयरचा हात हवेत राहिला. वाक्य आपलंच आहे, हे त्यांना ओळखू आलं. अनेलुसकाकांनी ते एकदा ओठांवर घोळवून पाहिलं, ढोलाला जोडलं, पुढे ओरिओल एक्झांतुस हे नाव लावलं आणि सोडून दिलं. दोनशे माणसांनी ते उचललं. मेयरला आता हातोडी थांबवता येईना, कारण प्रत्येक ओळीच्या शेवटी थाप पडत होती आणि थाप पडली की घाव पडायला हवा होता. आपल्याच वाक्याच्या तालावर त्यांनी क्लेर्सिनाचं दार पुलाला ठोकलं.

रिबीन राहूनच गेली. मेयर कोट काखेत मारून गाडीत बसले तेव्हा गाणं चालूच होतं. ते निवडून येतील की पडतील, देवाला ठाऊक. ते गाणं मात्र पडणार नव्हतं. पुढच्या पेरणीला, त्याच्या पुढच्या पेरणीला, डोंगरावरच्या प्रत्येक शेतात फावडी त्यावर उठणार होती. काका एलीमेनला म्हणाले, झालं समाधान? ती म्हणाली, नाही. मग तिने ताट घेतलं आणि पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर चार-पाच बायका संगमरवरी फरशीवर धुणं आपटत होत्या. प्रत्येक आपटीला त्याच गाण्याची ओळ म्हणत होत्या. एलीमेनकडे धुवायला काही नव्हतं. तिने घरी जाऊन पेटीतली स्वच्छ, घडीची चादर काढली, खाली आणली आणि म्हणाली, "सरका गं जरा, मलाही जागा द्या."