पाकिटाची पाठ पाहिलेली काच

मित्रांनो, दिसायला मी अगदीच किरकोळ. बाटलीच्या बुचाएवढी काळी नळी आणि तिच्यात बसवलेली भिंगाची जुनी काच, ती मी. पण एका घड्याळजींच्या उजव्या डोळ्यापुढे बसून चाळीस वर्षं मी जे पाहिलं, ते राजवाड्यातही कुणी पाहिलं नसेल.

तांदळाच्या दाण्याहून लहान चाकं, त्या चाकांनाही दात! केसासारखी बारीक स्प्रिंग झोपलेल्या बाळाच्या छातीसारखी हलायची. रोज पाहूनही माझं नवल सरलं नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "तबकडी तर नव्यासारखी आहे हो!" घड्याळजी म्हणायचे, "तबकडी तुमच्यासाठी. माझं काम मागून सुरू होतं." कुठलंही घड्याळ ते आधी पालथं करायचे, मग झाकण उघडायचे. "अशी काच शोधून मिळायची नाही," असं माझं कौतुकही करायचे.

पुढे लोक फोनमध्ये वेळ बघू लागले. दुकान मिटलं. मी स्वयंपाकघरातल्या खणात, बिनकुलपाच्या किल्ल्या आणि मेणबत्तीच्या तुकड्यांत जाऊन पडले.

त्याच घरात घड्याळजींच्या बायकोच्या पायाच्या बोटाला जखम झाली. तिला मधुमेह होता. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "साखर उतरली नाही, तर हे बोट काढावं लागेल."

घड्याळजी हादरले. धावत जाऊन त्यांनी बिस्किटांची पाकिटं आणली. हिरवंगार पान, लाल हृदय, पळणारी बाई आणि ठळक अक्षरं: 'साखर घातलेली नाही. मधुमेहींचा सोबती.' सकाळी चार, संध्याकाळी चार.

"अहो, गोड लागतंय की हो!"

"अगं, शास्त्रज्ञांनी केलं असेल काहीतरी. तू खा."

महिन्याने तपासलं, तर साखर चढलेली. जखम काळी पडू लागलेली. घाबरलेला माणूस नको ते बोलतो. घड्याळजी म्हणाले, "चोरून काय खातेस, खरं सांग."

"चोरून? मधाची बाटलीसुद्धा कुलपात घातलीत तुम्ही! चोरू काय, कुलूप?" तिने खण खस्‌कन ओढला आणि मला उचललं. "जगाची घड्याळं पालथी केलीत जन्मभर. हे पाकीट केलंत का कधी?"

तिने पाकीट उलटं केलं आणि मला डोळ्याला लावलं.

मित्रांनो, मी थक्क झाले. इतकी बारीक अक्षरं मी घड्याळाच्या पोटातही पाहिली नव्हती. ती अडखळत वाचू लागली. "मैदा. तेल. माल्टो... माल्टोडेक्स्ट्रिन. आटवलेला फळांचा रस."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी उलगडून सांगितलं, "यादीत सगळ्यांत जास्त असतं ते पहिलं लिहितात. म्हणजे मुख्यतः मैदाच. माल्टोडेक्स्ट्रिन ही पिष्टापासून, म्हणजे स्टार्चपासून केलेली पूड. जिभेला फारशी गोड लागत नाही, पण रक्तात भराभर साखर होते तिची. आणि गोडवा आला तो आटवलेल्या रसातून."

म्हणजे पुढच्या बाजूला एकही अक्षर खोटं नव्हतं, आणि तरीही सगळी फसवणूकच होती. ही नजरचूक नव्हे. चित्रातलं पान एवढं मोठं आणि 'मैदा' हा शब्द मुंगीएवढा, हे कुणीतरी पगार घेऊन, खुर्चीत बसून ठरवलं होतं.

बोट गेलं. पाऊल वाचलं. घड्याळजी तिच्या उशाशी बसून स्वतःलाच दोष देत राहिले. तीच म्हणाली, "पुरे आता. काच पुसून द्या मला."

हल्ली ती मला दोरीने गळ्यात बांधून किराणा दुकानात जाते, जरा लंगडत. वाचून झालेलं पाकीट फळीवर पालथंच ठेवते.

"काकू, गिऱ्हाइकं बिचकतात हो!" दुकानदार कुरकुरतो.

"बिचकू देत. ये, तूही बघ."

आणि तो बघतो! शेजारची आई बघते, तिची पोरगी बघते. माणसाचा डोळा मोठा होताना काचेतून पाहणं, याहून मोठं नवल मी पाहिलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी काच धूळ खात असेल. ती पुसून हाताशी ठेवा, आणि पाकीट तोंडाशी नेण्याआधी पालथं करा. तो महिनाभर मी त्या बिस्किटांपासून हातभर अंतरावर पडून होते. हातभर म्हणजे किती, ते नऊ बोटांनी चालणाऱ्या माझ्या बाईला विचारा.