आईंचा नळ

"आवंढा गिळा," डॉक्टर म्हणाले.

आईंनी गिळला. गळ्यावरची लिंबाएवढी गाठ वर गेली, खाली आली. बाबांनी तोंड फिरवलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभे राहिले.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, हन्ना. बाबा म्हणजे सासरे, शांतवन. मी सून, सिल्व्हिया. माहेर श्रीरामपूरचं, त्यामुळे श्रीरामपुरातला दवाखाना, बाजार, लग्नाची खरेदी, सगळं माझ्याच माथी. नवरा स्टीफन नगरला, नागापूरच्या एमआयडीसीत. शनिवारी येतो, रविवारी चर्चमध्ये पेंगतो आणि सोमवारी पहाटे पळतो. त्याला मोबाईलवर आईची गाठ दाखवली, तर म्हणाला, "फोटो नीट नाही आला." आता काय बोलणार!

वर्षभर आई दमत होत्या. भाकरी थापता थापता मध्येच टेकून बसायच्या. भर उन्हाळ्यात अंगावर शाल. आवाज घोगरा झालेला. मी दहादा म्हटलं, दवाखान्यात चला. "वय झालं गं आता," म्हणून मला वाटेला लावायच्या. शेवटी गाठच दिसायला लागली, तेव्हा निघाल्या.

"थायरॉईड कमी काम करतंय," रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले. "गाठ साधी आहे, घाबरू नका. रोज सकाळी उपाशीपोटी ही गोळी घ्यायची, नुसत्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा तास चहा नाही."

"च्या न्हाई?" आईंनी विचारलं. गाठीचं ऐकून त्या एवढ्या हलल्या नव्हत्या.

मग डॉक्टरांनी सहज विचारावं तसं विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

बाबा एकदम पुढे झाले. इतका वेळ त्यांना बोलण्यासारखं काही मिळालंच नव्हतं. "आमचं पानी लई गोड हाय, सायेब. पंचक्रोशीत तसं पानी न्हाई."

"विहिरीचं का? मग एकदा तपासून घ्या. ऊसपट्ट्यातल्या विहिरींत नायट्रेट फार सापडतं."

बाबा नुसते हसले. त्यांच्यापुढे पाण्याची गोष्ट करणं म्हणजे आचाऱ्याला मीठ किती ते सांगणं. आयुष्यभर त्यांनी विहिरींतल्या आणि बोअरच्या मोटारी काढल्या, दुरुस्त केल्या, परत सोडल्या. मोटार चालू होऊन पाइपातून पहिलं पाणी आलं की ओंजळ भरायची, घोट जिभेवर घोळवायचा आणि निकाल द्यायचा. खारं. मचूळ. लोखंडी. गोड. एखादा शेतकरी म्हणाला की पाणी तपासायला पाठवतो, तर म्हणायचे, "का? माझी जीभ काय उसनी हाय?"

त्या जिभेनंच त्यांनी आईंसाठी पाणी निवडलं होतं. आई कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या आणि आमच्या गावचं पाणी मचूळ. लग्न होऊन आल्या आणि त्यांची डाळ शिजेना. तासभर चुलीवर ठेवली तरी दाणा तसाच. माझ्या आजेसासूबाई मोठ्या तोंडाच्या. चार बायकांत म्हणाल्या, "साधं वरान येईना, अशी कशी पोरगी केली." बाबांनी ते ऐकलं. स्वतःच्या आईला उलट बोलले नाहीत, बायकोची समजूत घातली नाही. सायकलला दोन कॅन अडकवले आणि गोरक्षनाथच्या विहिरीवरून पाणी आणलं. गोरक्षनाथ त्यांचा शाळेतला दोस्त, विहीर त्याच्या उसाच्या मधोमध. त्या पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजली.

पुढं कितीतरी वर्षं बाबा कॅन वाहत होते. स्टीफन हाताशी आल्यावर बापलेकांनी बांधाबांधानं काळा पाइप पुरला आणि विहिरीचं पाणी थेट स्वयंपाकघरात आणलं. पंचायतीचा नळ होताच, त्याच्या शेजारी ही दुसरी पितळी तोटी. घरात तिला आईंचा नळ म्हणतात. गल्लीतल्या बायका अजून चिडवतात, "कुनी बायकोला पाटल्या करतं, शांतवननं नळ केला." आई लटक्या रागानं "गप गं" म्हणतात, पण ते ऐकायला त्यांना आवडतं. मीही सुरुवातीला चिडवायचे. नंतर मला हेवा वाटायला लागला. माझ्या नवऱ्यानं मला साधा कुकर आणला नाही.

तर पाणी तपासायचं मी मनावर घेतलं. दोन्ही नळांच्या बाटल्या भरल्या.

"पंचायतीचं कशाला भरती?" बाबा म्हणाले. "ते तर माझी म्हस बी तोंडात घेत न्हाई."

आठवड्यानं बाबा आणि मी तालुक्याच्या प्रयोगशाळेत रिपोर्ट घ्यायला गेलो. पंचायतीचं पाणी जड होतं, क्षार होते, पण पिण्याला योग्य. आईंच्या नळाचं पाणी अयोग्य. नायट्रेट पंचेचाळीसपर्यंत चालतं, आमचं एकशे अठरा.

"उसाला टाकलेला युरिया, शेणखत, सगळं झिरपत विहिरीत उतरतं," तिथले साहेब म्हणाले. "उकळून काही उपयोग नाही, उलट आटून जास्त होतं. गरोदर बायांना, तान्ह्या मुलांना तर देऊच नका."

"पन चव गोड हाय ना," बाबा म्हणाले.

"नायट्रेटला चव नसते, काका."

"आजिबात न्हाई?"

"अजिबात नाही."

बाबांनी रिपोर्टची घडी केली, उघडली, परत केली. मग म्हणाले, "डॉक्टरकडं चल." आईंना न घेता आम्ही दोघं गेलो.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. "जास्त आहे. नायट्रेटमुळे थायरॉईडला आयोडीन नीट घेता येत नाही, असं काही अभ्यासांत दिसलंय."

"मंजे ह्या पान्यानं झालं तिला?"

"तसं म्हणता येणार नाही. बायकांना हा आजार असाही होतो. काही घराण्यांत असतो. पाण्यानं भर घातली असेल, नसेलही."

"व्हय का न्हाई, तेवढं सांगा सायेब."

"कुणीच सांगू शकणार नाही, काका. पाणी बदला, गोळी चालू ठेवा."

स्टँडवर गाडीची वाट बघत बसलो. उसाचा रस घ्या म्हटलं, तर नको म्हणाले. मग म्हणाले, "मोटार जळाली तर मी उघडून सांगतो, व्होल्टेजनं जळाली का गाळानं. ह्यान्ला का सांगता येत न्हाई?"

"बाबा, आई माणूस आहेत, मोटार नाहीत."

"व्हय," ते म्हणाले. "तिला सांगू नको, सिल्व्हिया. चाळीस वर्सं तिला मीच पाजलंय. पाइप फुटला म्हनीन."

मी हो म्हटलं. मला त्यांची फार कीव आली आणि रागही आला. राग कुणाचा, ते मात्र समजेना.

घरी आल्याबरोबर त्यांनी पाना घेतला, पितळी तोटी काढली आणि पाइपाच्या तोंडाला टोपण बसवलं. आई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"काय झालं?"

"उसात पाइप फुटला. जुना झाला आता."

"मंग जोडा की."

"न्हाई जुडायचा."

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी सायकल काढली, तेच दोन कॅन घासून तिला अडकवले आणि वेशीजवळच्या फिल्टरवरून विकतचं पाणी आणायला लागले. विहिरीत काही दोष आलाय म्हणून नव्हे, लांब पाइप टाकायचा ह्या वयात जीव नाही म्हणून, असं गल्लीत सांगितलं. एवढं सगळं जुळवून आणल्यावर ते जरा हुशारले. जेवायला लागले.

मग मला गिरणीत मोनिका भेटली. गोरक्षनाथची सून. तिला तिसरा महिना लागला होता. रात्री जेवताना मी तेवढंच सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला. "बरं झालं, देवानं ऐकलं," आई म्हणाल्या.

काय अडचण झाली ते मला आणि बाबांनाच ठाऊक. गोरक्षनाथच्या घरी तेच पाणी पितात. त्याला सांगावं, तर त्याची बायको रंगुबाई दुसऱ्या दिवशी आईंच्या कानावर घालणार. रंगुबाईच्या पोटात गोष्ट राहिली तर तिचं पोट दुखतं. आणि न सांगावं, तर ती पोर रोज तांब्याभर पिणार. मी बाबांना काहीच सुचवलं नाही. सकाळी उठले, तर ते टोपी घालून, रिपोर्ट खिशात ठेवून ओट्यावर बसलेले.

"चल," म्हणाले. "तुला वाचून दाखवता यील."

गोरक्षनाथ विहिरीवरच होता. मी आकडे वाचले. त्याला ते लागलंच. "माझा बाप हेच पानी पिऊन नव्वद वर्सं जगला. मला तरी काय झालंय?"

"तुला न्हाई झालं. हन्नाला झालं," बाबा म्हणाले. "ह्या पान्यानं झालं का, ते डॉक्टरला बी ठावं न्हाई. पन तुझ्या सुनंच्या पोटात ल्येकरू हाय. तिला पाजू नको, गोरख."

गोरक्षनाथ विहिरीत डोकावून बघत राहिला. "आन् ऊस?"

"उसाला दे की. उसाला कुठं थायरॉईड हाय?"

गोरक्षनाथ हसला नाही. पण मोनिकासाठी कॅन कुठून भरायचा, ते त्यानं नीट विचारून घेतलं.

रंगुबाई दुसऱ्या दिवशी दुपारी आलीच. आईंशी तासभर बोलली. मी आत भांडी घासत होते, नळ बारीक करून. ती गेल्यावर आई स्वयंपाकघरात येऊन डाळ निवडत बसल्या.

"तुला ठावं हुतं?"

"हो, आई."

"पाइप फुटला न्हाई हे मला तवाच कळलं. ह्यांच्या हातचा पाइप फुटलाय का कधी? पन कशापायी काढला, ते आज कळलं." त्यांनी एक खडा बाजूला टाकला. "मला कळलंय हे त्यान्ला सांगू नको."

"अहो पण आई, त्यांच्या मनाला ते किती खातंय! तुम्ही एकदा बोललात तर..."

"काय बोलू? माफ केलं म्हनू? मंजे त्यांनी कायतरी केलं असं व्हईल." त्यांचा आवाज घोगराच होता, आता जास्त झाला. "माझी डाळ शिजंना तवा ह्या घरात एकच मानूस माझ्यासाठी उठला. त्याला मी गुन्हेगार करू का, पोरी?"

मला रडू आलं. त्यांनी डाळ धुवायला दिली.

काल सकाळची गोष्ट. मी चहाचं आधण ठेवत होते. आईंनी एका हातात गोळी घेतली, दुसऱ्या हातातला ग्लास सवयीनं जुन्या जागी धरला. तिथं तोटी कुठली, नुसतं टोपण. ग्लास तसाच धरून त्या क्षणभर उभ्या राहिल्या. बाबा मागून आले. त्यांनी ग्लास घेतला, कॅनमधून भरला आणि त्यांच्या हातात दिला.

आईंनी गोळी घेतली. पाणी प्यायल्या. त्या पाण्याला प्लास्टिकच्या कॅनचा वास येतो. मी रोज पिते, मला माहीत आहे.

"गोड हाय," आई म्हणाल्या.

बाबांनी त्यांच्या हातातून ग्लास घेतला. तळाला घोटभर उरलं होतं ते तोंडात घेतलं, जिभेवर घोळवलं आणि गिळलं. मी आणि आई त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी ग्लास विसळला, मांडणीवर पालथा घातला आणि कॅन घेऊन सायकलकडे गेले.