मास्तरचा उजवा हात

मी खोटं बोलते. ड्रेसिंगच्या खोलीत चौतीस वर्षं काढलेल्या कुठल्याही सिस्टरला विचारा, तीही बोलत असेल. "दुखणार नाही" हे आमचं पहिलं खोटं आणि "झालंच आता" हे दुसरं. त्यामुळे केंद्राच्या मागच्या खोलीत जेव्हा "इथे कुणी कुणाशी खोटं बोलणार नाही" असा कागद भिंतीवर चिकटला, तेव्हा मी ताईला म्हटलं, "बाई गं, हा कागद माझ्या खोलीपर्यंत येऊ देऊ नकोस."

ताई म्हणजे आमच्या आरोग्य केंद्रातली समुपदेशक. वय अठ्ठावीस, माझ्या धाकट्या मुलीहूनही लहान, पण पोरं ताई म्हणतात म्हणून आम्हीही ताईच म्हणतो. दोन वर्षांत आमच्या वस्तीत पोरांच्या मारामाऱ्यांत चार जीव गेले, तेव्हा एका संस्थेने तिला पाठवलं. दर मंगळवारी मागच्या खोलीत खुर्च्या गोल मांडून ती पोरापोरींना बसवायची. कुणाचा भाऊ गेलेला, कुणी डोळ्यांदेखत बघितलेलं, कुणाला शाळेचा रस्ता बदलूनही झोप नाही. शिवाय वस्तीतल्याच आम्हा चारपाच जणांना तिने आठ दिवस नुसतं ऐकायला शिकवलं. मी होते, केस कापणारा होता, कोपऱ्यावरची किराणावाली होती. मला वाटलं, ऐकायला काय शिकायचं, दोन कान आहेत की. तिसऱ्या दिवशी कळलं की जन्मभर मी नुसती बोलतच आले होते.

मास्तर आमच्याकडे आला तो उजव्या हातावर अकरा टाके घेऊन. सोळा वर्षांचा, काडीसारखा, जाड भिंगांचा चष्मा. परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळ्या गल्लीला गणितं समजावून द्यायचा, म्हणून मास्तर. मैदानाच्या कडेला पलीकडच्या गल्लीतल्या पोरांनी त्याच्या जिवलग दोस्ताला भोसकलं आणि मास्तरने मध्ये हात घातला. दोस्त जागच्या जागी गेला. मास्तरचा हात मनगटापासून कोपरापर्यंत फाटला. मोठ्या इस्पितळाने तो शिवून दिला आणि पुढचं ड्रेसिंग नेहमीप्रमाणे आमच्या गळ्यात मारलं.

पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर चौघे आले आणि बाहेरच्या बाकावर पसरून बसले. त्यांचा म्होरक्या लंबू, एकोणीस वर्षांचा, ताडमाड वाढलेला. तो सरळ माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"सिस्टर, लवकर बरा करा ह्याचा हात. काम आहे त्याच्याकडे."

"काय काम? पेपर तपासायचेत?"

मागचे तिघे फिसकन हसले. लंबू हसला नाही. "दोस्त त्याचा गेलाय. उत्तर त्यानेच द्यायला पाहिजे. आम्ही दिलं तर लोक काय म्हणतील त्याला?"

हा त्यांचा कायदा. ज्याचा माणूस गेला, पहिला वार त्याचा. मी हे पोलिसांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, पोरं असं बोलतातच हो सिस्टर. मास्तर माझ्या टेबलावर हात ठेवून भिंतीकडे बघत होता. चेहऱ्यावर रागबिग काही नव्हता, शेवटची बस चुकलेल्या माणसासारखा दिसत होता.

बाराव्या दिवशी मी टाके काढले. जखम अशी सुरेख भरली होती की कुणालाही दाखवावी. भरलेली जखम बघून ती भरायला नको होती असं वाटावं, अशी चौतीस वर्षांतली ती पहिलीच वेळ. बाहेर पायऱ्यांवर लंबू बसलेला, हातातल्या किल्ल्या वाजवत. मी अकरावा टाका ट्रेमध्ये टाकला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आतली शीर अर्धी तुटलीय रे. वरून कळत नाही. कच्चं प्लास्टर घालावं लागेल. सहा आठवडे हात गळ्यात. झटका बसला तर बोटं जन्माची जातील."

मास्तरने माझ्याकडे पाहिलं, मग हाताकडे. "बरं," म्हणाला.

प्लास्टर घालून, झोळी बांधून मी त्याला बाहेर नेलं आणि लंबूलाही तेच ऐकवलं, चांगलं खणखणीत.

"सहा आठवडे?"

"घाई असेल तर तुझा हात दे त्याला."

तो पुटपुटत निघून गेला. मी आत येऊन चहा घेतला आणि खोटं कशाला म्हणू, त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. सहा आठवड्यांत चूल थंड होते, ही तर पोरांची डोकी.

मंगळवारी आणि शुक्रवारी मास्तर यायचा. मी प्लास्टर सोडायची, व्रण पुसायची, परत बांधायची. "बोटं हलवू नकोस हं," म्हटलं की पाचही बोटं टेबलावर मेल्यासारखी पडून राहायची. किती सांगितलेलं ऐकणारं पोर, असं मला वाटायचं. मंगळवारी तो ताईच्या बैठकीत थांबू लागला. पहिल्या तीन वेळा तोंडाला कुलूप. चौथ्यांदा मी दाराशी उभी होते, तेव्हा तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तो म्हणत होता घरी जाऊ. मीच म्हटलं, एक डाव अजून." भाऊ गेलेली एक मुलगी उठली, आपली खुर्ची त्याच्या खुर्चीला लावून बसली, बस. त्यानंतर तो जरा जेवायला लागला. डाव्या हाताने लिहायला शिकला. अक्षर म्हणजे मुंगी शाईत बुडून चाललेली, पण वही माझ्यापुढे आणून धरायचा. लंबू दर आठवड्याला विचारून जायचा, मग कुणाला तरी पाठवायला लागला. मला वाटलं, चढलं होतं ते उतरतंय.

पाचव्या आठवड्यात ताई माझ्या खोलीत आली. हातात मोठ्या इस्पितळाचा कागद. मास्तरच्या बोटांना व्यायाम लागेल म्हणून तिने बिचारीने कुठेतरी खटपट करून वेळ मिळवली होती आणि त्यासाठी जुने कागद चाळले होते.

"सिस्टर, इथे तर शीर शाबूत लिहिलंय."

मी दार लावून घेतलं आणि तिला सगळं सांगितलं. ती चिडली नाही. चिडली असती तर मी पुरून उरले असते.

"तुम्ही त्याला वाचवायला बघताय, कळतंय मला," ती म्हणाली. "पण ह्या पोरांना सगळ्यांनी फसवलंय. आपल्यावर त्याचा पहिल्यांदा विश्वास बसलाय. उद्या व्यायामवाला सांगेल की तुझ्या हाताला काही झालंच नव्हतं, मग तो पुन्हा कुणाचं ऐकेल?"

"आणि बाहेर लंबू आहे त्याचं काय?"

"प्लास्टर किती दिवस पुरणार, सिस्टर? नाही म्हणायला त्याला स्वतःलाच शिकावं लागेल."

बोलणं चुकीचं नव्हतं, हेच तर दुखणं आहे. मी दोन दिवस धुसफुसले. लेकीच्या वयाच्या पोरीने पकडलं ह्याची लाजही होतीच. शेवटी म्हटलं, सांगते.

शुक्रवारी मी प्लास्टर सोडलं. ताई शेजारी स्टुलावर बसली होती.

"मास्तर, मी तुझ्याशी खोटं बोलले. शीर तुटली नव्हती. तुझा हात केव्हाचाच बरा आहे."

तो हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माहितेय मला."

"काय?"

"बोटं माझीच आहेत ना, सिस्टर. हलतात ते कळतं." आणि त्याने ती हलवून दाखवली, एकेक करून, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.

"अरे मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलत नव्हता म्हणून."

प्लास्टरच्या आडोशाला तो स्वतःहून उभा होता, हे मला तेव्हा कळलं. ताईला अजून कळलं नव्हतं. ती सांगत होती की आता लपवायला काही उरलं नाही, मंगळवारी आपण सगळे मिळून तयारी करू, लंबू असं म्हणाला तर तू काय म्हणशील वगैरे. तो मान हलवत होता. मी तिला मध्येच तोडलं आणि प्लास्टर पुन्हा उचललं.

"इकडे आण हात. लावते परत. कुणाला कळतंय?"

"मला कळेल," तो म्हणाला. रडत नव्हता, गणित समजावतो तसा बोलत होता. "आत्तापर्यंत सिस्टरने सांगितलंय म्हणून होतं. आता लावलं तर मी घाबरलो म्हणून लावलं, असं होईल."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आम्ही दोघांनी मिळून झाकलेली ती मूठ मी खरेपणाच्या नादात उघडून बसले होते. तो उठला. पाच आठवडे झाकलेला हात पांढुरका, रोडावलेला दिसत होता. पायऱ्यांवर लंबूने पाठवलेला एक पोरगा होताच. त्याने हात बघितला आणि खिशातून फोन काढला.

"मंगळवारी येतो," मास्तर म्हणाला.

हातावर हात ठेवून आम्ही बसलो नाही. मी पुन्हा पोलिसांकडे गेले, त्यांनी पुन्हा लिहून घेतलं. शनिवारी ताई त्याच्या घरी जाऊन तासभर बसली. त्याने तिला सरबत करून दिलं, वह्या दाखवल्या, सगळं ठीक आहे म्हणाला.

रविवारी दुपारी चार वाजता लंबू आणि दोघे त्याला पलीकडच्या गल्लीत घेऊन गेले. मारेकऱ्यांपैकी एकाचा भाऊ, पंधरा वर्षांचा, दुकानाशी उभा होता. बाकीचे मागे थांबले आणि चाकू देऊन मास्तरला पुढे ढकललं. आमची किराणावाली तिथेच माल उतरवून घेत होती, तिने सगळं बघितलं. ती सांगते, मास्तर त्या पोरासमोर नुसता उभा राहिला. चाकू उजव्या हातात, हात खाली, मांडीला चिकटलेला. तिने आरडाओरडा केला, पण तोवर ते पंधराचं पोर भेदरलं होतं आणि त्याच्याही खिशात चाकू होता. त्याने दोनदा मारला. मास्तरने हात वर केला नाही. दोस्तासाठी जो मध्ये घातला होता, तोच हात.

सोमवारी ताई आली नाही. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. ती आली, तिने खुर्च्या मांडल्या. एक जास्त मांडली होती, ती भाऊ गेलेल्या मुलीने उचलून भिंतीला लावली. मी ताईला एका शब्दाने बोलले नाही. बोलायचं झालं तर आधी माझी जीभ कापायला हवी होती.

आणि गल्लीत लंबू सांगत फिरत होता, हात अधू होता हो त्याचा, नाहीतर सोडलं नसतं आपल्या मास्तरने. लोकांनाही ते पटलं. दहा दिवसांत मास्तरचा वाघ झाला, एका हाताने लंगडा वाघ, आणि लंबू आता मास्तरच्या चुलतभावाच्या खांद्यावर हात टाकून फिरू लागला.

बाराव्या दिवशी मास्तरची आई आली. लॉन्ड्रीत इस्त्री करते, तिच्या भाजलेल्या मनगटांना मीच कितीदा मलम लावलंय. ह्या वेळी भाजलेलं नव्हतं. रुग्णांच्या खुर्चीवर बसली आणि पिशवी मांडीवर घेतली.

"सिस्टर, एक विचारते. खरं सांगा. सगळे म्हणतात हात अधू होता म्हणून तो गेला. होता ना अधू?"

मला "हो" म्हणता आलं असतं. दुखणार नाही, झालंच आता, तशातलंच ते एक. तिचा पोर हात उचलू शकत असूनही मेला, हे कुठल्या आईने ऐकावं? पण हिने खरं मागितलं होतं, पोराने कधीच मागितलं नव्हतं. एवढा साधा फरक कळायला मला तो जावा लागला. शिवाय लंबूने त्याला जे बनवलं होतं, ते मला सहन होत नव्हतं.

"नाही गं," मी म्हटलं. "हात ठणठणीत होता. त्याला मारायचं नव्हतं."

तिने विचारलं, "कधीपासून ठणठणीत?"

"पहिल्यापासून. मी खोटं प्लास्टर घातलं होतं. त्यालाही माहीत होतं."

मला वाटलं, ही आता माझ्या झिंज्या धरेल. धरायला हव्या होत्या. ती पिशवीच्या बंदाला पीळ देत राहिली.

"रोज सकाळी शर्टाची बटणं मी लावायची त्याच्या," ती म्हणाली. "आधी आधी लाजायचा. मग मान वर करून उभा राहायला लागला, लहानपणी राहायचा तसा. मी म्हणायचे, एवढा घोडा झालास आणि बटणं आई लावतेय." तिने माझ्याकडे पाहिलं. "शुक्रवारी काढलंत ना प्लास्टर?"

"हो."

"रविवारी शर्ट घालून माझ्यापुढे आला. मी म्हटलं, सुटला ना आता हात, लाव की तुझी तू. तर म्हणाला, आजच्या दिवस लाव ना. मला लॉन्ड्रीत उशीर होत होता. वरची दोन लावली आणि म्हटलं, बाकीची लाव आता, मी चालले."

मी तिचा हात धरला. तिने तो धरू दिला, पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं.

"इस्पितळातून कपडे दिले त्याचे," ती म्हणाली. "वरची दोनच लावलेली होती."